रविवारी इटली, पुढच्या रविवारी जपान

*"ताई, आम्ही नाशिकला राहतो. गेल्या वर्षापासून मुलगी (१२) आणि मुलगा (९) दोघांना मी घरीच शिकवते. भूगोलाचं पुस्तक उघडलं की दोघांचे चेहरे पडतात, म्हणून दर रविवारी एक देश ठरवून तिथला पदार्थ करायचा, असं सुरू केलं. इटलीचा पास्ता, मेक्सिकोचे टाको, जपानची सुशी, थायलंडची करी असं सगळं झालं. मुलं खूश आहेत. पण परवा मुलाला नकाशावर जपान दाखव म्हटलं, तर बोट ऑस्ट्रेलियाजवळ गेलं. साहित्य महाग पडतं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे निम्मे देश बाद होतात. सासूबाई विचारतात, 'हा अभ्यास आहे की भातुकली?' आता मलाही शंका यायला लागली आहे. हे चालू ठेवू की पुस्तकाकडे परत जाऊ?" — एक आई, नाशिक*

प्रिय मैत्रिणी,

चालू ठेवा. पण दर रविवारी देश बदलणं थांबवा.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि आता नातीला घरी शिकवते, त्यामुळे तुमच्या मुलाचं बोट ऑस्ट्रेलियाजवळ का गेलं ते मला कळतं. त्याने सुशी खाल्ली, पण जपानशी तिची गाठ कुठेच पडली नाही. तांदूळ किराणा दुकानातून आला, बाकीचं सामान मॉलमधून आणि कृती मोबाइलवरून. 'हे तिथेच का खातात?' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, आणि भूगोल तर त्याच प्रश्नात असतो. कुठल्या उंचीवर काय पिकतं, पाऊस कधी येतो, समुद्र किती लांब आहे, कोण कुठून आलं, येताना सोबत काय घेऊन आलं. ताटातल्या पदार्थापासून मागे मागे चालत मातीपर्यंत गेलं, तरच स्वयंपाक हा धडा होतो. एवढं मागे जायला एक रविवार पुरत नाही, महिना लागतो. म्हणून महिन्याला एकच देश घ्या.

आणि माझं ऐकाल, तर पहिला महिना इथिओपियाचा घ्या. नाव ऐकून दचकू नका. तुमच्या तिन्ही अडचणींवर, म्हणजे खर्च, शाकाहार आणि सासूबाई यांवर, या देशाइतकं चांगलं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

सुरुवात तुमच्याच डब्यांपासून करा. घरात नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ असेल. खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणीही असेल. नसली तर सासूबाईंना करायला सांगा. चमचाभर खुरासणी मुलांच्या तळहातावर द्या. काळे, चकचकीत, लांबट दाणे. मग मुलीला त्या पिकाचं शास्त्रीय नाव शोधायला लावा. तिला 'ग्विझोशिया ॲबिसिनिका' सापडेल. ॲबिसिनिया हे इथिओपियाचं जुनं नाव. हे पीक मूळचं तिथलं, तिथे त्याला 'नूग' म्हणतात आणि त्याचं तेल स्वयंपाकात वापरतात. नागलीही मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली. इथिओपियात तिचं नाव 'दागुसा'. सुरगाणा-पेठच्या उतारावर जे पिकतं, तेच तिकडच्या उतारावरही पिकतं. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा तिने हातातली भाकरी खाली ठेवली आणि नकाशा मागितला. मी शिकवायला बसलेच नव्हते, आम्ही जेवत होतो.

आता नकाशा काढा. अदिस अबाबा शोधा आणि तिथून पूर्वेकडे बोट सरळ आडवं सरकवा. समुद्र ओलांडला की बोट केरळात येतं, कोचीच्या जरा खाली. मग मुलांना विचारा, कोचीत घाम फुटतो, तर त्याच अक्षांशावरच्या अदिस अबाबात रात्री स्वेटर का लागतो? लगेच उत्तर देऊ नका, एक दिवस तसंच राहू द्या. उत्तर उंचीत आहे. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून साधारण २,३५० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून आणखी सातशे मीटर वर बघायचं आणि तिथे लाखो वस्तीचं शहर वसलंय अशी कल्पना करायची. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. बाकीचं गणित मुलगी स्वतः करेल.

त्या संध्याकाळी कणीक जास्तीची मळा आणि परातीत त्या देशाचा उठावाचा नकाशा करा. मधोमध उंच पठार, त्याला नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे चिरत जाणारी खचदरी (जमीन खचून झालेली लांब दरी), वायव्येला ताना सरोवर आणि ईशान्य टोकाला दनाकिलचा खोलगट भाग. ही जागा समुद्रसपाटीच्याही शंभर मीटरहून खाली आहे. तिथे मिठाचे थर आहेत. माणसं ते मीठ लाद्यांसारखं कापतात आणि उंटांवर लादून वर पठाराकडे आणतात. 'अमोले' नावाच्या या मिठाच्या विटा तिथे कित्येक शतकं नाण्यांसारख्या चालत होत्या. मुलाला त्या खड्ड्यात चिमूटभर खडेमीठ ठेवू द्या. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला जे कळतं ते तो विसरत नाही.

इथिओपियाचे लोक स्वतःच्या देशाचे उंचीवरून पट्टे पाडतात. खालचा उष्ण तो 'कोल्ला', मधला 'वोयना देगा', वरचा थंड 'देगा'. ही तीन नावं कणकेच्या डोंगरावर चिठ्ठ्या खोचून लिहा. त्यांचं मुख्य धान्य तेफ, ते मधल्या पट्ट्यात, दोन हजार मीटरच्या आसपास उत्तम येतं. वर गेलं की बार्ली, खाली उतरलं की ज्वारी. दक्षिणेत आणखी वेगळं, तिथे 'एन्सेट' नावाचं केळीसारखं दिसणारं झाड लावतात. फळ खात नाहीत. खोडाच्या बुंध्यातला आणि कंदातला पिठूळ गर खरवडून काढतात, खड्ड्यात पुरून आंबवतात आणि त्याची भाकरी करतात. पूर्वेकडच्या कोरड्या सपाटीवर गुरं आणि उंट पाळणाऱ्यांचं पोट बरंचसं दुधावर चालतं. एवढं पाहिल्यावर 'इथिओपियाचा पदार्थ कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. महाराष्ट्राचा पदार्थ कोणता असं कोणी विचारलं, तर मालवणचा माणूस आणि विदर्भाचा माणूस एकच उत्तर देईल का?

आता इंजेरा. तेफच्या पिठाची, आंबवून केलेली, ताटभर मोठी, जाळीदार आणि मऊ पोळी. तीच ताट आणि तीच घास उचलायचा चमचा. तेफ आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही आणि बाहेरून महाग मागवूही नका. माझ्या भाचीने अमेरिकेहून एक पाकीट आणलं होतं. दाणा खसखशीएवढा. नातीने पाकीट उलटं करून वाचलं, तर त्यावर इथिओपिया नव्हतं, अमेरिकेतलं आयडाहो राज्य होतं. इथिओपियाने २००६ मध्ये तेफच्या दाण्याची निर्यात बंद केली होती, देशात भाव भडकू नयेत म्हणून. आणि अमेरिकेत तोवर त्याची शेती सुरू झालेली होती. कांद्याच्या निर्यातबंदीच्या बातम्या ऐकत वाढलेल्या नाशिकच्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. जिन्नस न मिळणं हाही धड्याचाच भाग आहे. 'इथे का मिळत नाही?' असं विचारा आणि घरात जे आहे ते घ्या.

दोन वाट्या नागलीचं पीठ आणि एक वाटी ज्वारीचं. पाण्यात घावनापेक्षा थोडं घट्ट कालवा, चमचाभर आंबलेलं डोशाचं पीठ घाला आणि झाकून ठेवा. तिकडे हे पीठ दोन-तीन दिवस आंबतं. नाशिकच्या एप्रिलात एक दिवसही पुरेल, डिसेंबरात दोन लागतील, आणि तो फरकही वहीत लिहायचा आहे. वर पिवळसर पाणी साचेल. त्याला तिकडे 'एर्शो' म्हणतात, तेच पुढच्या वेळचं विरजण. ते हलक्या हाताने काढून बाटलीत ठेवा. मग आंबलेल्या पिठातलं पळीभर घेऊन वाटीभर पाण्यात शिजवा, आंबिलीसारखं दाटसर होईपर्यंत, आणि गार करून परत पिठात मिसळा. ही पायरी गाळू नका, जाळी त्यानेच पडते. थोड्या वेळाने पीठ पुन्हा फसफसलं की तवा तापवायचा आणि कडेकडून आत, गोल गोल धार सोडायची. आधी बुडबुडे फुटून डोळे पडतील. ते वरपर्यंत आले की झाकण ठेवा. उलटायचं नाही, एकाच बाजूने शिजू द्यायचं. नागलीला चिकटपणा कमी असतो, त्यामुळे काठ तुटतील. मी दुसऱ्या खेपेला मूठभर कणीक घातली, तेव्हा पोळी अख्खी निघाली. मुलांना हे तेफ नाही, हे स्पष्ट सांगा. तिकडेही ज्याला तेफ परवडत नाही तो त्यात ज्वारी किंवा नागली मिसळतो, तेव्हा तुमची इंजेरा काही खोटी नाही.

सोबत शिरो करा. भाजलेल्या हरभऱ्याच्या किंवा बाकल्याच्या पिठात मसाला मिसळून ठेवायचा आणि ते पाण्यात रटरटून शिजवायचं. तुमच्या सासूबाई पातेल्यात डोकावून 'हे तर पिठलंच' म्हणतील, आणि त्यांचं खरंच आहे. फरक कांद्यात आहे. तिकडे कांदा अगदी बारीक चिरून आधी तेलाशिवाय, मंद आचेवर, हलवत हलवत बराच वेळ परततात आणि तेल नंतर घालतात. मसाला 'बर्बेरे'. लाल मिरची, सुंठ, मेथी, धने, ओवा, कलौंजी आणि तिकडची 'कोरारिमा' वेलची. कोरारिमाऐवजी आपला मसाला वेलदोडा चालतो. मसुरीच्या डाळीत हाच मसाला घातला की 'मिसिर वोत'.

शाकाहाराची काळजी इथे उरतच नाही. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत बुधवार, शुक्रवार आणि शिवाय लांबलचक उपास असतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही, डाळी आणि भाज्या चालतात. इंजेरावर निरनिराळ्या डाळी-भाज्यांचे ढीग मांडलेलं उपासाचं ताट तिथल्या खाणावळीत सहज मिळतं. मुलांना एवढंही सांगा की बाकीच्या दिवशी बरेचजण मांस आवडीने खातात, आणि देशात मुसलमानही मोठ्या संख्येने आहेत. आपल्याला सोयीचं तेवढंच दाखवून तो सगळा देश म्हणू नका.

डाळ शिजत असताना एक प्रयोग करा. प्रयोगशाळेत वापरतात तसा तापमापक आणा. नाशिकला पाणी साधारण ९८ अंशांवर उकळतं, अदिस अबाबात ९२ च्या जवळपास. म्हणजे तिथे तीच डाळ उघड्या पातेल्यात जास्त वेळ घेते. पुढे कधी महाबळेश्वरला गेलात तर तापमापक बरोबर न्या. मुलीला हवेच्या दाबाचा धडा मग वेगळा घ्यावा लागणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाणी घ्या. तिथला मोठा पाऊस, 'किरेम्त', जून ते सप्टेंबर, आपल्यासारखाच. तो पठारावर पडतो, ताना सरोवरातून निळी नाईल निघते, आणि इजिप्तला पोचणाऱ्या नाईलच्या पाण्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त याच पठारावरून जातं. इथिओपियाने निळ्या नाईलवर मोठं धरण बांधायला २०११ मध्ये घेतलं, तेव्हापासून इजिप्तशी तणाव आहे. गंगापूर धरणाचं पाणी जायकवाडीला सोडण्यावरून काय काय होतं, ते तुमची मुलं घरात, बातम्यांत ऐकतच असतील. मुलीला दोन्ही नद्यांचे नकाशे शेजारी शेजारी काढायला सांगा, वर कोण, खाली कोण. माझ्या अनुभवात बारा वर्षांची मुलं या विषयावर तासभर भांडू शकतात, आणि त्यांनी भांडावं. एकीला इजिप्तची बाजू द्या, दुसऱ्याला इथिओपियाची, मग अदलाबदल करा.

दगडही विसरू नका. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इथिओपियाच्या पठाराचा मोठा भाग तशाच लाव्ह्याचा, साधारण तीन कोटी वर्षांपूर्वीचा. काळी माती इकडे आहे, तिकडेही आहे. पांडवलेणीला जाल तेव्हा दगडावर हात ठेवून मुलांना हे सांगा.

आणि माणसं. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनला पोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्याने खडकी गाव वसवलं, तेच पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या नहरींचं पाणी हे त्याचं काम. मुरुडच्या जंजिऱ्याचे सिद्दीही तिकडूनच आलेल्या लोकांचे वंशज. आपल्या इतिहासात 'हबशी' शब्द येतो, तो अरबीतल्या 'हबश' वरून, म्हणजे ॲबिसिनिया. मुलांनी नकाशावर तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडत ही वाट पेन्सिलीने काढावी. ती गुलामांच्याही व्यापाराची वाट होती, हे मुलीपासून लपवू नका. बारा वर्षांची मुलगी हे ऐकू शकते.

एक गोष्ट मात्र जपा. इथिओपिया म्हटलं की मोठी माणसं अजून १९८३ ते ८५ च्या दुष्काळाचे फोटो आठवतात. तो दुष्काळ झाला, लाखो माणसं गेली, त्याबद्दल बोला, आणि त्यात युद्धाचा आणि राज्यकर्त्यांचा हात होता हेही सांगा. पण ओळख तिथून करून देऊ नका. १८९६ मध्ये अडवाच्या लढाईत याच देशाने इटलीच्या फौजेचा पराभव केला. पुढे १९३६ ते १९४१ इटलीने तो बळकावला, आणि त्या काळाची खूण म्हणून अदिस अबाबाच्या खाणावळीत आजही पास्ता मिळतो. तुमच्या पहिल्या रविवारचा पास्ता इथे पुन्हा भेटला. मुलांना कदाचित तोच धागा सर्वांत जास्त लक्षात राहील.

परीक्षेचं थोडक्यात. मुलगी पुढे मुक्त विद्यालयातून दहावी देणार असेल (राष्ट्रीय मुक्त विद्यालयासाठी वय किमान १४ लागतं), तर अक्षांश-रेखांश, नकाशाचं प्रमाण, खुणा, कोरे नकाशे भरणं हे रोज वीस मिनिटं सरळ वही घेऊनच करा. ते स्वयंपाकातून येत नाही, ओढूनताणून आणूही नका. बाकीसाठी दोघांची एक वही ठेवा, महिन्याला एक देश. महिन्याच्या शेवटी पुस्तक न उघडता मुलाने रिकाम्या कागदावर त्या देशाचा आकार, डोंगर, नदी आणि शेजारी काढायचे. चुकलं तरी चालेल, दोन महिन्यांनी पुन्हा काढू द्या.

सासूबाईंविषयी माझी मनापासून विनंती आहे, त्यांना बाहेर बसवून हे करू नका. आंबील कशी करतात, नागली कधी पेरतात, त्यांच्या लहानपणी तेल कशाचं असायचं, हे त्यांना मुलांनी विचारायचं आणि वहीत लिहायचं. सह्याद्रीच्या उतारावर ऑक्टोबरात खुरासणीची पिवळी फुलं त्यांनी पाहिली असतील. तेव्हाच्या सुमाराला इथिओपियाचं पठारही तसंच पिवळं होतं. त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या पातेल्याजवळ उभ्या राहिल्या की उत्तर त्यांना दिसेल.

शेवटच्या रविवारी सगळ्यांनी एकाच परातीत जेवा. तिकडे जेवताना माणूस दुसऱ्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने घास भरवतो, त्याला 'गुर्शा' म्हणतात. घास मोठा असावा, आणि पहिला वडीलधाऱ्यांना.

पुढचा देश कोणता, हे तुम्ही ठरवू नका. बर्बेरे कुटताना मुलाला विचारा, मिरची इथिओपियात कुठून आली? आपल्याकडे कुठून आली? १४९२ पूर्वी ती दोन्हीकडे नव्हती. तो शोधत शोधत मेक्सिकोपर्यंत जाईल, आणि तुम्ही आधी घाईत उरकलेले टाको तिथे पुन्हा करता येतील. या वेळी मका भिजवण्यापासून, चुना घालून.

कणकेचा डोंगर कसा झाला, ते मला नक्की कळवा.

तुमची,
ताई